रंग उतरवण्याआधी

जुनी रेसिंग सायकल माळ्यावरून, गोदामातून किंवा भंगारवाल्याच्या काट्यावरून सुटून घरी आली, की पहिला हात जातो तो पॉलिश पेपरकडे. रंगाचे पोपडे उडालेले असतात, नळ्यांवर तांबूस ठिपके पडलेले असतात, स्टिकर अर्धेमुर्धे उरलेले असतात. मग एखाद्या रविवारी सगळे सुटे भाग उतरवायचे, फ्रेम घासून लख्ख करायची, पावडर कोटिंगला टाकायची आणि नवे स्टिकर मागवून चिकटवायचे, असा बेत ठरतो. पंधरवड्यात सायकल शोरूममधून आणल्यासारखी दिसू लागते. बघणारे वाहवा करतात आणि करणाऱ्यालाही एका जुन्या वस्तूला जीवदान दिल्याचं समाधान मनापासून वाटतं. मला इथे मांडायचं आहे ते या बेताच्या उलट आहे. जुनी रेसिंग सायकल घरच्या घरी दुरुस्त करणं हे फार चांगलं काम आहे आणि ते घरीच उत्तम होतं. पण मूळ रंग उतरवणं हे त्यातलं अगदी शेवटचं, नाइलाजाचं पाऊल असायला हवं. रंगाबरोबर जे जातं ते नंतर कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही, आणि रंग राखायचा असं एकदा ठरवलं की दुरुस्तीची सगळी पद्धतच बदलते. ती अधिक सावकाश होते, अधिक डोळस होते.

बोलण्यासाठी एक ठोस सायकल समोर ठेवू. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची पीएक्स-१०. करवती आणि कॉफीच्या चक्क्या बनवणाऱ्या या घराण्याने १८८२ पासून सायकली बनवायला घेतल्या. पीएक्स-१० हे त्यांचं साठच्या आणि सत्तरच्या दशकांतलं शर्यतीचं मॉडेल, आणि ते कुणालाही दुकानात जाऊन विकत घेता येत होतं. याच प्यूजोच्या संघातून तरुण एडी मर्क्सने १९६६ आणि १९६७ ची मिलान–सान रेमो जिंकली, आणि पुढे बेर्नार तेव्हनेने १९७५ आणि १९७७ ची टूर द फ्रान्स. पीएक्स-१० ची ओळखीची रूपसज्जा म्हणजे पांढरी फ्रेम, नळ्यांच्या सांध्यांवरचे नक्षीदार काळे लग, आणि चिमट्याच्या व मागच्या नळ्यांच्या टोकांना क्रोमचे मोजे घातल्यासारखी चकाकी. लग नेर्व्हेक्सचे, ब्रेक माफाकचे, क्रँक स्ट्राँगलाइटचे, गिअर सिम्प्लेक्सचे. सगळा संसार फ्रेंच. नळ्या मात्र इंग्लिश, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सच्या, ५३१ जातीच्या.

या ५३१ नळीपाशी थोडं थांबायला हवं. रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये एक पेटंट घेतलं. सायकलची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढायची, म्हणजे सांध्याजवळ, जिथे ब्रेझिंगची, म्हणजे पितळेने किंवा चांदीने डाग देऊन जोडण्याची, आच आणि सगळा ताण येतो तिथे, धातू भरपूर राहतो आणि मधल्या लांबीत वजन वाचतं. १९३५ मध्ये मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची ५३१ नळी बाजारात आली आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीची चांगली सायकल म्हणजे ५३१, असं समीकरण युरोपभर रुजलं. शर्यतीच्या अशा नळीची जाडी टोकाला साधारण ०.८ मिलिमीटर असते आणि मध्यभागी ०.५ मिलिमीटरच्या आसपास. बाहेरून बघून, हात फिरवून, वजन करूनही ही नळी आतून कशी ओढली आहे याची खात्री होत नाही. ती खात्री देतो सीटच्या नळीवरचा एक छोटा स्टिकर. रेनॉल्ड्सचे हे स्टिकर एकसारखे नव्हते. फक्त मुख्य नळ्या ५३१ च्या असतील तर त्यावर एक मजकूर, चिमटा आणि मागच्या नळ्याही त्याच असतील तर दुसरा. नळी सरळ जाडीची असेल तर तसा उल्लेख. फ्रान्समध्ये बनलेल्या सायकलींवर हाच मजकूर फ्रेंचमध्ये. म्हणजे तो कागदाचा तुकडा सजावटीपुरता नव्हता, ते प्रमाणपत्र होतं. आज असे स्टिकर छापून मिळतात, कुणीही कुठल्याही फ्रेमवर लावू शकतो, आणि म्हणूनच नव्या रंगावरचा नवा स्टिकर काहीच सिद्ध करत नाही. मूळ रंगावर, मूळ वार्निशखाली पिवळा पडलेला अर्धा स्टिकर मात्र अजून साक्ष देतो.

रंग उतरवण्याने धातूचंही नुकसान होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीवर सँडब्लास्टिंग करताना हात जरा जास्त वेळ एका जागी राहिला तर मूळ धातूच खरवडला जातो. पॉलिश पेपर आणि ग्राइंडरची चकती लगच्या कडांवर फिरली की नेर्व्हेक्सच्या त्या महिरपींची टोकं बोथट होतात. पावडर कोटिंगचा थर जाड असतो. तो लगच्या कडेला साचतो, कोरीव रेघ बुजवतो आणि झाकून ठेवलं नसेल तर आट्यांत जाऊन बसतो. भट्टीची आच साधारण २०० अंशांच्या घरात असते, त्यामुळे ब्रेझिंग सुटण्याची भीती नाही. चांदीचा सांधाही ६०० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. ही बाजू नोंदवायलाच हवी, कारण पावडर कोटिंगने फ्रेम कमजोर होते असं सरसकट बोललं जातं, ते खरं नाही. नुकसान होतं ते कारागिराच्या हाताच्या खुणांचं. आपल्याकडे दगडी देवळांना ऑइलपेंट फासला की खांबावरच्या वेलबुट्टीचं जे होतं, तेच इथे लगचं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढी चिंता संग्रहालयाला शोभते; ज्याला रविवारी सायकल चालवायची आहे त्याने स्टिकर आणि रेघांचं काय करायचं? याचं उत्तर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलांचा ॲक्सल फिरतो त्या सांध्याच्या, आट्यांत आहे. सायकल नेमकी कुणाची, कुठली, कधीची हे कळल्याशिवाय तिची दुरुस्तीच सुरू करता येत नाही. इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटची आटी १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४. इटालियन ३६ मिलिमीटरची, इंचाला २४. फ्रेंच ३५ मिलिमीटरची, एक मिलिमीटर अंतराची. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, फ्रेंच आटीपासून केसभर अंतरावर. म्हणून इंग्लिश वाटी, म्हणजे ॲक्सलचे छर्रे ज्यात फिरतात ती, फ्रेंच फ्रेममध्ये दोन-तीन फेरे सहज जाते, मग अडते, आणि मोठा पाना लावून जोर केला की साठ वर्षं शाबूत राहिलेल्या आट्या पाच मिनिटांत सपाट होतात. दिशांचा घोळ त्याहून मोठा. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूची वाटी उलट आटीची, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायची. फ्रेंच आणि इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजू सरळ आटीच्या. आणि व्यास-अंतर अगदी फ्रेंचसारखंच असलेली स्विस जात चेनच्या बाजूला पुन्हा उलटी. ती काही प्यूजोंमध्येही सापडते. चुकीच्या दिशेने जोर लावणारा माणूस वाटी सोडवत नसतो, आणखी आवळत असतो. पेडल १४ मिलिमीटरचं की ९/१६ इंचाचं, हँडलचा स्टेम २२ चा की २२.२ चा, सीटपोस्ट २६.४ ची की २७.२ ची, स्ट्राँगलाइट क्रँक काढायला २३.३५ मिलिमीटरचा पुलर लागतो की नेहमीचा २२ चा, ही सगळी उत्तरं फ्रेमच्या ओळखीवर अवलंबून आहेत. त्या ओळखीचे पुरावे म्हणजे रंगसंगती, स्टिकर, हेडबॅज, बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक आणि मागचं चाक बसतं त्या ड्रॉपआउटवर कोरलेलं नाव. यातले निम्मे रंगाबरोबर जातात. जाड थराखाली क्रमांकही बुजतो. पुढच्या मालकाच्या हाती येते एक सुंदर, निनावी फ्रेम, आणि तो बाजारात मिळेल ती वाटी घेऊन तिच्यावर जोर लावतो.

मग गंज कसा काढायचा? आपल्याकडे लादी पॉलिश करणारे वापरतात ती ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पूड या कामाला उत्तम चालते. पाच लिटर कोमट पाण्यात तीन-चार चमचे पूड विरघळवायची. ती विषारी आहे, म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची किंवा अंगण हवंच. स्वयंपाकघरातलं भांडं घ्यायचं नाही. फ्रेम बुडेल एवढी टाकी नसेल तर त्या पाण्यात भिजवलेली फडकी गंजलेल्या भागावर गुंडाळून वरून प्लास्टिक बांधलं तरी चालतं. दर तासाला उघडून बघायचं. आधी पाणी पिवळसर होतं, मग रंगावरचे तपकिरी ओघळ फिके पडू लागतात. पांढऱ्या रंगाच्या भेगांतून झिरपलेला गंज विरघळून जातो आणि रंग जागेवर राहतो. लोखंडाचा गंज विरघळवण्याचा या आम्लाचा वेग जास्त आणि बऱ्याच जुन्या रंगांवर त्याचा परिणाम कमी, यावर हा सगळा खेळ आहे. तरी आधी खालच्या बाजूला एका बोटाएवढ्या जागेवर करून बघायचं, आणि स्टिकरवर मेणाचा हात देऊन ते शक्यतो कोरडे ठेवायचे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर उघडा पडलेला धातू संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. क्रोमला तर इतकंही लागत नाही. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की चिमट्याच्या टोकावरचे ठिपके निघतात, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, ओरखडा पडत नाही. पुन्हा क्रोम चढवायचं म्हटलं तर त्याआधी घासून धातू कमी करावा लागतो आणि आम्लाच्या टाकीत बुडवावं लागतं. पातळ नळीला हे दोन्ही न मानवणारं. जिथे रंग पूर्ण उडाला आहे तेवढ्याच ठिपक्यांवर बारीक ब्रशने जुळता इनॅमल लावायचा, बाकी फ्रेमवर मेण.

याला एक वजनदार आक्षेप आहे. बाहेरचा गंज दिसतो तरी. आत, नळीच्या पोटात काय चाललंय ते रंग राखून कसं कळणार? आक्षेप बरोबर आहे, पण रंग उतरवूनही ते कळत नाही. आतला गंज बघायचा तर सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढून टॉर्च मारावी लागते, बॉटम ब्रॅकेटच्या पोटात साचलेला गाळ काढावा लागतो, नळीवर नाण्याने टिचक्या मारत आवाज कुठे बद्द होतो ते ऐकावं लागतं, आणि शंका आली तर त्या जागी टोच्याने दाबून बघावं लागतं. टोच्या आत गेला तर ती फ्रेम चालवण्याची राहिली नाही, मग तिच्यावर कितीही नवा रंग चढवा. नळी धड असेल तर आतून संरक्षणाचा जुना उपाय आहे जवसाचं उकळलेलं तेल. ते नळीत ओतून फ्रेम सगळ्या दिशांना फिरवायची, उरलेलं निथळू द्यायचं; हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आत त्याचा चिवट पापुद्रा धरतो. मात्र तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना ती तापतात आणि आपसूक पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवायची.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तिथे मी पूर्ण माघार घेतो. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद वेळा तो सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला तर त्याला थकवा येतोच. म्हणून फ्रेम पन्नास वर्षांची चालेल, पण स्टेम, हँडल आणि क्रँक यांच्याकडे बघताना हळवं व्हायचं नाही. हँडल स्टेममध्ये जिथे आवळलं जातं तिथली पट्टी काढून, साफ करून भिंगाखाली पाहायचं. इटलीच्या कँपाग्नोलोचे नुओव्हो रेकॉर्ड क्रँक अतिशय देखणे, पण दांडा जिथे पाच पाकळ्यांना मिळतो त्या खोबणीत त्यांना तडा जातो हे जाणकारांना नीट माहीत आहे. ग्रीस पुसून त्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली, आणि नख फिरवल्यावर ते तिथे अडलं, की तो क्रँक भिंतीवर टांगायचा. सिम्प्लेक्सचे साठच्या दशकातले, गिअर बदलणारे डिरेलर डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचे. ते वयानुसार ठिसूळ होतं आणि पुढच्या डिरेलरची कॉलर आवळताना तुटते. ब्रेकचे रबर, केबल, टायर, चेन तर बदलायचेच. चेन मोजायची ती अशी: २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच हवी, १/१६ इंच जास्त भरली तर ती झिजली. हे सगळं बदलताना मूळपणाचा हट्ट धरणारा माणूस जिवाशी खेळतो. पण रंगाचा या यादीशी काही संबंध नाही, एवढंच माझं म्हणणं. जुना रंग कुणालाही घाटात पाडत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. शर्यतीची सायकल हे कामाचं हत्यार होतं. संघ बदलला की रंग बदलायचा, प्रायोजक बदलला की नाव बदलायचं. ज्या फ्रेमवर तिच्या काळीच तीनदा रंग चढला, तिच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द कशाला वापरायचा? उदाहरण द्यायचं तर सगळ्यात प्रसिद्धच देता येतं. २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापून विक्रम केला. ती सायकल बांधली एर्नेस्तो कोल्नागोने, पण तिच्यावर नाव होतं विंडसर या मेक्सिकोच्या कंपनीचं. ब्रसेल्समध्ये मर्क्सच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात ती ठेवली आहे. आता कुणी सत्यप्रेमापोटी तिच्यावरचं ‘खोटं’ नाव खरवडून कोल्नागोचे स्टिकर लावले असते, तर काय झालं असतं? बांधणाऱ्याचं नाव बरोबर झालं असतं आणि त्या दिवसाची हकीकत पुसली गेली असती. म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. जपायचा आहे तो कारखान्यातून बाहेर पडतानाचा क्षण नव्हे, तर सायकल जगली ते सगळं आयुष्य. एखाद्या फ्रेमवरचा १९७४ चा पहिला थर आणि १९७९ मध्ये क्लबच्या रंगात मारलेला दुसरा थर, दोन्ही पुरावेच. त्या काळी वजन घटवण्यासाठी लोक घरच्या ड्रिलने ब्रेकच्या लीव्हरला, चेनरिंगला भोकं पाडत. ती भोकं वाकडीतिकडी असली तरी त्या जागी गुळगुळीत नवा लीव्हर बसवणं म्हणजे एका माणसाची उमेद कचऱ्यात टाकणं. वास्तू जपणाऱ्यांनी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद केली, तिच्यात हा विचार फार नेटका आला आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेने थांबावं, आणि नव्याने घातलेला भाग मूळ वस्तूशी मेळ राखूनही वेगळा ओळखू यावा. ही कलमं वास्तूंसाठी लिहिली असली तरी सायकलच्या टेबलाशी ती तितकीच उपयोगी आहेत.

जुन्या सायकलींचं जगातलं सर्वांत गाजलेलं संमेलनही हेच सांगतं. १९९७ मध्ये तोस्कानातल्या गायोले इन क्यांती या गावातून ९२ जण जुन्या सायकलींवर पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर निघाले आणि ‘लेरोइका’ सुरू झाली. तिथे सायकल १९८७ ची किंवा त्याआधीची लागते, गिअरचे लीव्हर खालच्या नळीवर हवेत, पेडलला पट्टे हवेत, ब्रेकच्या केबल हँडलबाहेरून गेलेल्या हव्यात. नियम यंत्रणेचे आहेत; रंग नवा हवा असं त्यात कुठेही नाही. अर्थात जिथे मूळ रंग उरलाच नाही, फ्रेम उघडी गंजली आहे किंवा आधीच कुणी घरगुती स्प्रेचे पाच थर चढवले आहेत, तिथे जरूर रंगवावं. ओल्या रंगाचे पातळ थर द्यावेत, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, आणि न बघितलेल्या जुन्या नक्षीची कल्पनेने नक्कल करू नये.

हे काम घरीच उत्तम होतं असं मी म्हणालो, त्याचं कारण वेळ. पोलादी नळीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट वर्षानुवर्षं बसली की दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो, फुगतो आणि पोस्ट जाम होते. दुकानात तास मोजला जातो, म्हणून तिथे ब्लोटॉर्च पेटते; रंग जाणारच आहे असं आधीच ठरलं असेल तर कुणाला हरकतही नसते. घरी दुसरा रस्ता मोकळा असतो. बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटी टांगायची, खालून सीटच्या नळीत भेदक तेल सोडायचं आणि आठवडाभर रोज थोडं-थोडं सोडत राहायचं. मग पोस्टवर बर्फ. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आक्रसतं, म्हणून थंडीने पकड सुटते आणि आच मात्र आधी ती घट्टच करते. सीटला धरून पीळ दिला की एखाद्या दिवशी करकर वाजत पाव इंच हलते. त्या पाव इंचासाठी आठ दिवस देणं कुठल्याच धंद्याला परवडणार नाही, आणि परवडावं अशी अपेक्षाही गैर आहे. छर्रे मोजून नवे घालणं, वाट्या घासलेटने धुऊन त्यांत ओरखडे आहेत का बघणं, ताजं ग्रीस भरून ॲक्सल ना डुलेल ना अडेल असा बसवणं, ही ओव्हरहॉलिंगची कामं पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या गल्लीतल्या दुकानांत आजही जीव लावून होतात. ती त्यांच्याकडून शिकावीत. फक्त त्यांचे पाने आणि वाट्या आपल्या २८ इंची, ६३५ मिलिमीटर रिमच्या काळ्या सायकलींच्या मापाचे; फ्रेंच फ्रेम घेऊन जाणाऱ्याने आटीचं माप आधी स्वतः घेऊन जावं.

आपल्याकडच्या रेसिंग सायकलींना हा विचार आणखी लागू पडतो. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरायचा त्या काळात आयात सायकली आणि सुटे भाग सहज मिळत नव्हते. परदेशी फ्रेमला देशी फ्रीव्हील, तिसऱ्याच सायकलचा चिमटा, रिमला मिळेल ते टायर, अशी जुळणी व्हायची. अशी एखादी सायकल आज हाती आली आणि कॅटलॉग समोर ठेवून तिचे सगळे ‘चुकीचे’ भाग काढून युरोपातून ‘बरोबर’ भाग मागवले, तर फ्रान्समध्ये हजारो आहेत तशी आणखी एक पीएक्स-१० तयार होईल. घाट चढलेली ती एकच सायकल मात्र संपेल. म्हणून सुरक्षिततेसाठी जे काढावंच लागेल ते काढताना एक साधी गोष्ट करावी. पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवावं. झिजलेली चेन, तडा गेलेला क्रँक, कडक झालेले ब्रेकचे रबर, देशी फ्रीव्हील, जे निघेल ते पुसून, तेलाचा हात देऊन त्यात टाकावं आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी: ‘पुढचा डिरेलर, सिम्प्लेक्स, कॉलरला तडा म्हणून काढला’, खाली तारीख. सायकल विकली, दिली किंवा पुढच्या पिढीकडे गेली, तर खोकं तिच्याबरोबर जावं.